रापणीच्या दोरावर : मानवशास्त्राच्या विद्यार्थ्यांसोबत सिंधुदुर्गात सात दिवस

राष्ट्रीय शैक्षणिक धोरण २०२० ला अनुसरून महाराष्ट्रातील विद्यापीठांनी पदव्युत्तर अभ्यासक्रमांची जी नवी रचना केली, तिच्यात पहिल्या वर्षाच्या दुसऱ्या सत्रात प्रत्यक्ष कामाच्या प्रशिक्षणाला किंवा क्षेत्रप्रकल्पाला चार श्रेयांक आहेत. मानवशास्त्राला हे नवे नाही. आमच्या विषयात क्षेत्रकार्याशिवाय पदवी ही कल्पनाच कोणी केली नव्हती. मात्र चार श्रेयांक मिळवायचे म्हणून गावात जाणे आणि गावाकडून काही शिकायला जाणे यांतला फरक विद्यार्थ्यांच्या लक्षात आणून द्यायला वर्गातले व्याख्यान पुरत नाही, हे मी इतक्या वर्षांत पाहिले आहे. या माघात नऊ विद्यार्थ्यांना घेऊन मालवण आणि वेंगुर्ले यांच्या मधल्या किनाऱ्यावरील एका गावात आम्ही सात दिवस राहिलो. गावाचे नाव मी लिहीत नाही, कारण तसे ठरवूनच आम्ही तिथे राहिलो होतो.

पहिला दिवस : माघ शुद्ध पंचमी

पनवेलहून रात्री कोकणकन्या एक्सप्रेसने निघालेलो आम्ही सकाळी कुडाळ स्थानकावर उतरलो आणि तिथून एसटीने गावी पोहोचलो. राहण्याची सोय एका चाकरमान्याच्या घरात झाली होती. हे घर एरवी चतुर्थीला आणि शिमग्याला उघडते. बाकीचे महिने शेजारच्या काकू दर आठवड्याला येऊन अंगण झाडतात आणि तुळशीला पाणी घालतात. कुलूप उघडल्यावर एक विद्यार्थिनी लगेच खोल्यांचा नकाशा काढू लागली. मी तिला तो काढू दिला, पण काकूंना विचारल्याशिवाय देवघराचा फोटो घेऊ नकोस, एवढे सांगितले.

आमच्या विभागाचे पत्र महिनाभर आधी ग्रामपंचायतीला गेले होते. तरी पहिला संपूर्ण दिवस परवानगी मागण्यातच गेला, आणि तो तसाच जावा अशी माझी इच्छा होती. आधी सरपंचबाईंकडे, मग गावकरांकडे म्हणजे गावच्या मानकऱ्यांकडे, मग रापण संघाच्या, म्हणजे किनाऱ्यावरून जाळे ओढणाऱ्यांच्या संघाच्या, म्हाताऱ्या पुढाऱ्याकडे, अशा क्रमाने आम्ही गेलो. प्रत्येक ठिकाणी तेच प्रश्न आले: तुम्ही कोण, कोणी पाठवले, काय लिहिणार आणि लिहून झाल्यावर त्याचे काय करणार. पहिल्या तीन प्रश्नांना विद्यार्थ्यांनी चांगली उत्तरे दिली. चौथ्याला कोणापाशीच नीट उत्तर नव्हते, एकजण म्हणाला, "आम्ही ते विद्यापीठात जमा करू." गावकर त्यावर काही बोलले नाहीत, त्यांनी फक्त मान हलवली. संध्याकाळी मुलांना एकत्र बसवून मी सांगितले की सातव्या दिवशी आपण जे लिहू ते गावासमोर वाचून दाखवायचे आहे. तेव्हा काहींचे चेहरे उतरले.

तिन्हीसांजेला सातेरीच्या देवळात आम्हाला बोलावणे आले. सातेरी म्हणजे वारुळाच्या रूपात पुजली जाणारी भूमीदेवता. सिंधुदुर्गातल्या कितीतरी गावांची ती ग्रामदेवता आहे. गावकरांनी नारळ ठेवून आमच्यासाठी गाऱ्हाणे घातले. शहरातून लेकरे आली आहेत, त्यांना लिहिण्यावाचण्यात यश दे, दर्यावर गेली तर सांभाळ, त्यांच्या हातून काही चूक झाली तर पदरात घे, असा त्याचा आशय होता, आणि प्रत्येक वाक्यानंतर जमलेले लोक एका आवाजात "व्हय महाराजा" म्हणत होते. तिसऱ्या-चौथ्या वाक्याला आमची मुलेही "व्हय महाराजा" म्हणू लागली. सहभागी निरीक्षण ही संज्ञा त्यांनी परीक्षेसाठी पाठ केली होती, पण त्यातला सहभाग त्यांच्या घशातून पहिल्यांदा निघाला तो त्या देवळात.

रात्री वह्यांचे वाटप केले. प्रत्येकाला दोन वह्या: एक खिशात मावणारी, जागच्या जागी दोन-चार शब्द टिपण्यासाठी, आणि दुसरी मोठी, बांधीव, रात्री झोपण्यापूर्वी त्या शब्दांवरून पूर्ण हकिगत उतरवण्यासाठी. मोठ्या वहीच्या डाव्या पानावर फक्त जे दिसले आणि ऐकू आले ते लिहायचे. आपले मत, शंका, अर्थ हे सगळे उजव्या पानावर. सकाळवर काही ढकलायचे नाही, कारण रात्रीच्या झोपेत माणसाची आठवण आपोआप नीटनेटकी होते आणि नेमका अडचणीचा तपशील गळून पडतो.

दुसरा दिवस : षष्ठी

रापण पाहायला पहाटे साडेपाचला किनाऱ्यावर गेलो. रापण म्हणजे किनाऱ्यावरून ओढायचे लांबच लांब जाळे. जाळ्याच्या एका टोकाचा दोर किनाऱ्यावरच्या माणसांकडे असतो. होडी जाळे सोडत समुद्रात अर्धवर्तुळ घेते आणि दुसरे टोक काही अंतरावर पुन्हा किनाऱ्याला आणते. मग दोन्ही बाजूंनी वीस-वीस, पंचवीस-पंचवीस माणसे दोर ओढू लागतात, आणि ओढता ओढता दोन्ही रांगा एकमेकींकडे सरकत जातात. हे काम दीड-दोन तास चालते. यंत्र कुठेही नाही.

आमची मुले वाळूत ओळीने उभी राहून टिपणे घेत होती. एका उतारवयाच्या रापणकराने नांदेडकडच्या आमच्या विद्यार्थिनीकडे पाहून म्हटले, "नुसतां बघतंस कित्या गो? दोरीक हात लाय." तिने माझ्याकडे पाहिले. मी वही तिच्या हातून घेतली. मग एकामागून एक सगळेच दोराला लागले. पंधरा मिनिटांत तळहात लाल झाले, पाय वाळूत रुतू लागले, आणि मग मुलांच्या लक्षात काही गोष्टी येऊ लागल्या ज्या काठावर उभे राहून कधीच दिसल्या नसत्या. दोर ओढणाऱ्यांत सर्वांत मागचा माणूस दोर गुंडाळत जातो आणि थोड्या वेळाने पुढे येऊन पाण्यापाशी उभा राहतो. अशी रांग सतत फिरत राहते, म्हणून कोणा एकावर पाण्यातले काम कायमचे पडत नाही. दोन्ही रांगांचा वेग सारखा राहावा म्हणून मधे उभा असलेला एक माणूस फक्त हाताने खुणा करतो. तो आवाज चढवत नाही, आणि तरीही त्याच्या हाताकडे सर्वांचे लक्ष असते. त्याचे वय सगळ्यांत जास्त नव्हते, तो जाळ्याचा मालकही नव्हता. तो तिथे का उभा आहे, हा प्रश्न आमच्या एका विद्यार्थ्याला दोर ओढतानाच पडला, आणि पुढचे तीन दिवस तो त्याच्याच मागे होता.

जाळे किनाऱ्याला लागले तेव्हा त्यात तारली आणि पेडवे पुष्कळ होते, बांगडे थोडे. कोळणी पाट्या घेऊन आधीच येऊन बसल्या होत्या. लिलाव उभ्या उभ्या झाला. आमच्या विद्यार्थ्यांपैकी ज्यांनी दोराला हात लावला होता त्या प्रत्येकापुढे कालवणापुरते मासे आणून ठेवले गेले, नको म्हणणाऱ्याला "हात लावलंस ना?" एवढेच विचारले गेले.

दुपारी घरी टिपणे वाचताना एक वाक्य माझ्या नजरेस आले: "मासे विकल्यावर मजुरी वाटली जाते." ते वाक्य घेऊन मी त्या विद्यार्थ्याला पुन्हा किनाऱ्यावर पाठवले, आणि ज्यांनी माहिती दिली त्यांनाच वाचून दाखव असे सांगितले. तासाभराने तो परतला तेव्हा त्याच्या वहीत मजुरी हा शब्द खोडलेला होता आणि वर लिहिले होते, "मजुरी न्हय, वाटो." रापणीत मालक आणि मजूर असे दोन पक्ष नसतात, हे त्यांनी त्याला समजावले होते. या गावात जाळ्याचे तुकडे वेगवेगळ्या घरांनी आणून जोडलेले आहेत. म्हणून जाळ्याला वाटा आहे, होडीला वाटा आहे आणि ओढणाऱ्या हाताला वाटा आहे, आणि एकाच माणसाला दोन-तीन प्रकारांनी वाटा मिळू शकतो. मजुरी या एका शब्दाने त्या विद्यार्थ्याने ही सगळी व्यवस्था नकळत पुसून टाकली होती. दूरच्या समाजाविषयी चुकीचे सिद्धांत मांडणाऱ्या जुन्या ग्रंथांत अनेकदा हेच घडलेले असते. पहिल्या दिवशीचा एक सोयीचा शब्द शेवटपर्यंत तसाच राहतो.

त्याच संध्याकाळी भरतीचे गणितही शिकायला मिळाले. तिथीची पाऊणपट केली की भरतीची वेळ येते, हे किनाऱ्यावरचे जुने सूत्र आहे. आज षष्ठी, म्हणजे सहाची पाऊणपट साडेचार. मुलांनी मोबाइलवरील तक्त्याशी ताडून पाहिले तेव्हा अर्ध्या-पाऊण तासाचा फरक आला आणि एकाने वहीत "सूत्र अंदाजे" असे लिहिले. सूत्र सांगणाऱ्या काकांना ते वाचून दाखवल्यावर ते म्हणाले की सूत्र बंदरावर बसून सांगण्यासाठी असते, पाण्यात उतरणारा माणूस खडकावरची ओल पाहतो. मग त्यांनी मुलांना खडकापाशी नेले आणि कालव्यांचा पांढुरका थर कुठे थांबतो, शेवाळाचा पट्टा कुठून सुरू होतो, उधाणाला पाणी कुठवर चढते आणि भांगेला, म्हणजे लहान भरतीला, कुठवरच राहते, हे बोटाने दाखवले. त्या अर्ध्या तासाचे टिपण नऊ जणांपैकी एकाचेही उजव्या पानावर गेले नाही. सगळ्यांना फक्त पाहिलेले उतरवायचे होते.

तिसरा दिवस : सप्तमी

आजचे काम वंशावळींचे. मानवशास्त्रात या पद्धतीला मोठे स्थान आहे. १८९८ साली ऑस्ट्रेलिया आणि न्यू गिनी यांच्यामधल्या टॉरेस सामुद्रधुनीत केंब्रिजची जी मोहीम गेली, तिच्यात डब्ल्यू. एच. आर. रिव्हर्स हे वैद्यकशास्त्रातून आलेले संशोधक होते. त्यांनी वंशावळी गोळा करण्याची रीत पद्धतशीर केली आणि पुढे निलगिरीत तोडा या आदिवासी समाजात काम करतानाही ती वापरली. त्रिकोण म्हणजे पुरुष, वर्तुळ म्हणजे स्त्री, बरोबरचे चिन्ह म्हणजे विवाह. या तीन खुणांनी माणूस कोणाला काय म्हणतो, कोणाकडे जेवतो, कोणाचे सुतक पाळतो आणि कोणाशी लग्न करत नाही, हे सगळे एका कागदावर येऊ शकते. आपल्याकडे इरावती कर्वे यांनी १९३९ पासून डेक्कन कॉलेजात राहून नातेव्यवस्थेवर जे काम केले, त्याच्यामागेही गावोगाव जाऊन लोकांशी बोलण्याचे अपार कष्ट होते. मराठी मुलामुलींनी रिव्हर्सच्या आधी त्यांचे नाव घ्यावे, असे मला मनापासून वाटते.

एका वाडीत सकाळी नऊला बसलो. घरातल्या पुरुषांनी पाच पिढ्यांची नावे न अडखळता सांगितली. कागदावर त्रिकोणांची सरळ उभी ओळ तयार झाली. त्यांच्या शेजारच्या वर्तुळांत मात्र काही भरता येईना. "त्याची बायको," "आमची आजी," "ती लवकर गेली," एवढीच उत्तरे येत होती. विद्यार्थिनीने रिकामी वर्तुळे दाखवत हे विचारले तेव्हा पुरुष हसले आणि म्हणाले की नावे बदललेली असतात, कोण लक्षात ठेवणार.

माजघराच्या दाराशी घरातली आजी तांदूळ निवडत बसली होती. ती ऐंशीच्या पुढची. तिने मान वर न करता सांगायला सुरुवात केली. तिला लग्नानंतरची नावे आठवत नव्हती, पण प्रत्येक सून कुठल्या गावाहून आली ते तिला ठाऊक होते, कारण घरात सुनांना माहेरच्या गावावरूनच ओळखत: आचरेकरीण, पेंडूरकरीण, देवबागकरीण. पाऊण तासात तिने तेवीस वर्तुळे भरून दिली. त्यांतल्या काही बायका पुरुषांना ठाऊकही नव्हत्या: बाळंतपणात गेलेली एक पहिली बायको, दुसरी एक माहेरी परत गेलेली. ऐकणाऱ्या पुरुषांपैकी एकजण हळूच उठून बाहेर गेला, आणि मी विद्यार्थिनीला त्या नावाशी थांबायची खूण केली. घरातल्या माणसांपुढे कुठले वर्तुळ उघडायचे नाही, हे कोणत्याही पुस्तकात लिहिलेले नसते. समोरच्या माणसाच्या पाठीकडे पाहून ते कळावे लागते.

संध्याकाळी त्या गावांची नावे मुलांनी जिल्ह्याच्या नकाशावर मांडली तेव्हा आम्ही सगळेच नकाशाकडे पाहत राहिलो. आजीच्या आणि तिच्या सासूच्या पिढीतल्या सुना जवळजवळ सगळ्या खाडीच्या काठाने किंवा होडीने एका दिवसात येता येईल अशा गावांतल्या होत्या. त्यानंतरच्या पिढीत गावे एकदम पसरली, आणि कितीतरी लग्ने परळ-लालबागच्या चाळींमधून जुळलेली निघाली. गिरणीत शेजारी शेजारी काम करणाऱ्या दोन कोकणी माणसांनी तिथे मुलामुलींची लग्ने ठरवली होती. आगबोटीचा काळ, एसटीचा काळ आणि २६ जानेवारी १९९८ ला कोकण रेल्वेचा संपूर्ण मार्ग सुरू झाल्यानंतरचा काळ, असे तीन थर एका घराच्या सुनांवरून वाचता येत होते. ही गोष्ट कोणी आम्हाला सांगितली नव्हती. ती तांदूळ निवडणाऱ्या बाईच्या आठवणीत होती आणि मुलांनी ती नकाशावर आणली. शिकवण्याच्या इतक्या वर्षांत मला फार थोड्या संध्याकाळी इतका आनंद झाला आहे.

चौथा दिवस : अष्टमी

आज आमच्याकडून चूक झाली. गावात पर्ससीन जाळ्यांवरून पारंपरिक मच्छीमारांच्या मनात मोठी खदखद आहे. यांत्रिक नौका मोठ्या जाळ्यांनी माशांचे थवेच्या थवे वेढून नेतात, मग किनाऱ्याच्या रापणीला काय उरते, हा त्यांचा प्रश्न आहे. महाराष्ट्र सागरी मासेमारी नियमन अधिनियम १९८१ चा असला तरी समुद्रावर तो पाळला जातो की नाही, यावरच इथले रोजचे बोलणे चालते. आमच्या एका विद्यार्थ्याने एका तांडेलाशी, म्हणजे होडीच्या प्रमुखाशी, याविषयी झालेले बोलणे फोनवर ध्वनिमुद्रित केले आणि त्याला ते सांगितले नाही. बोलण्यात माणसांची नावे होती, नौकांची नावे होती. रात्री सगळ्यांसमोर त्याने ते उत्साहाने ऐकवायला सुरुवात केली, तेव्हा मी ते लगेच बंद करायला लावले.

दुसऱ्या दिवशी सकाळी मी त्याला घेऊन त्या तांडेलाकडे गेले. विद्यार्थ्याने स्वतः सांगितले की मी तुमचे बोलणे न विचारता मुद्रित केले. तांडेल बराच वेळ काही बोलला नाही. मग त्याने विचारले की हे कोणी कोणी ऐकले. विद्यार्थ्याने खरे सांगितले. त्याच्यासमोर ते मुद्रण पुसले. तांडेलाने चहा दिला, पण त्यानंतरच्या तीन दिवसांत तो आमच्यापैकी कोणाशीही मासेमारीविषयी बोलला नाही, आणि आम्ही विचारलेही नाही. माहितीपूर्ण संमतीचा छापील नमुना त्या विद्यार्थ्याच्या पिशवीत होता. सहीचा कागद गोळा करणे म्हणजे संमती, असे त्याला वाटत असावे, आणि त्यात दोष आमच्या शिकवण्याचाही आहे.

पाचवा दिवस : नवमी

मालवण तालुक्यातल्या कुडोपीच्या सड्यावर गेलो. जांभ्या दगडाच्या उघड्या पठारावर माणसांनी कोरलेल्या आकृत्या, म्हणजे कातळशिल्पे, इथे मोठ्या संख्येने आहेत. कोकणातली आणि गोव्यातली अशी नऊ ठिकाणे २०२२ साली युनेस्कोच्या जागतिक वारशाच्या संभाव्य यादीत गेली. रत्नागिरी जिल्ह्यातली उक्षी, जांभरूण, कशेळी, रुंढे तळी, देवीहसोळ, बारसू आणि देवाचे गोठणे, सिंधुदुर्गातली ही कुडोपी आणि गोव्यातले फणसामळ. माघात सड्यावरचे गवत सोनेरी वाळलेले असते आणि सकाळच्या तिरप्या उन्हात कोरीव रेषांच्या कडा स्पष्ट दिसतात. दुपारी त्याच रेषा सपाट होऊन नाहीशा झाल्यासारख्या वाटतात. म्हणून रेखाटनाचे काम दहाच्या आत संपवले. मुलांनी चपला काढून, सुतळीचे चौकोन आखून एकेका आकृतीची मापे घेतली.

गुरे घेऊन आलेल्या एका गृहस्थांनी सांगितले की ही चित्रे पांडवांनी एका रात्रीत काढली. एका विद्यार्थ्याने हे लिहून घेतले नाही. मी त्याला विचारले तेव्हा तो म्हणाला की हे खरे नाही. त्या गृहस्थांचे वाक्य आकृत्या कोरणाऱ्यांविषयी काही सांगत नसेल, पण आज सड्यावर गुरे चारणारा माणूस या आकृत्यांशी कसा वागतो ते सांगते. पांडवांनी काढलेल्या चित्रावरून तो गुरे नेत नाही, आणि त्यामुळेच या रेषा इतकी वर्षे टिकल्या असण्याचा मोठा संभव आहे. वाटेत एक चिरेखाण लागली; तिथला सडा ओळीने कापून नेलेला होता.

सहावा दिवस : दशमी

सकाळी कुडाळजवळच्या पिंगुळीला. इथल्या ठाकर समाजाने चित्रकथी, कळसूत्री बाहुल्या आणि चामड्याच्या छायाबाहुल्या जपल्या आहेत. सावंतवाडी संस्थानाने या कलावंतांना एके काळी आश्रय दिला होता. या परंपरेतले परशुराम गंगावणे यांना २०२१ साली पद्मश्री मिळाली. चित्रकथीची एक कथा म्हणजे चित्रांची एक पोथी. एकेक चित्र पुढे धरत वीणा, टाळ आणि हुडूक यांच्या साथीने कथेकरी ती गातो.

मुलांना इथे एकच काम दिले: कलावंताच्या परवानगीने एकेका वस्तूची नोंद करायची. माप, साहित्य, रंग, दुरुस्तीच्या खुणा एवढे त्यांनी लवकर लिहिले. मग मी कार्डावर आणखी तीन रकाने आखायला सांगितले: ही वस्तू कोण हाताळतो, केव्हा बाहेर काढत नाहीत, आणि तिला कशावर ठेवतात. या तीन रकान्यांना दुपार लागली. काचेच्या पेटीत ठेवलेली बाहुली आणि खेळाआधी नमस्कार करून हातात घेतलेली बाहुली यांची मापे सारखीच असतात, म्हणूनच नुसत्या मापांची नोंद अपुरी राहते.

परतताना इंटर्नशिपचा विषय निघाला. आमच्यापैकी दोघे इथेच आठ आठवडे राहणार होते: एकजण जिल्ह्यातल्या एका छोट्या खासगी संग्रहाची नोंदवही तयार करायला, आणि एकजण मच्छीमारांच्या एका सहकारी संस्थेतली जुनी दफ्तरे वाचून लावायला. याविषयी माझे मत स्पष्ट आहे. काही वर्षांपूर्वी एका नावाजलेल्या संस्थेत मी एका हुशार विद्यार्थिनीला पाठवले होते. तिने तिथे सहा आठवडे छायाप्रती काढल्या आणि अखेरीस छान प्रमाणपत्र घेऊन आली. तेव्हापासून मी जाण्यापूर्वीच लिहून घेते की विद्यार्थी कोणते काम पूर्ण करून देणार, त्याला शिकवणारी व्यक्ती कोण, आणि त्याच्या राहण्याजेवणाचा खर्च कोण देणार. विनावेतन इंटर्नशिप ज्याला परवडते त्याचेच शिक्षण पूर्ण होते. शेतमजुराच्या मुलीने आठ आठवडे कोणाच्या जिवावर काढायचे? पुण्यातल्या आदिवासी संशोधन व प्रशिक्षण संस्थेसारख्या सरकारी संस्था, भारतीय मानवशास्त्रीय सर्वेक्षण, संग्रहालये, आरोग्यावर काम करणाऱ्या संस्था, अशा कितीतरी ठिकाणी आमच्या विषयाच्या पदवीधरांचा उपयोग आहे. तिथवर पोहोचणारी वाट अशा पहिल्या आठ आठवड्यांतून जाते, म्हणून त्यांच्याकडे विभागांनी डोळेझाक करू नये.

रात्री शेजारच्या गावच्या जत्रेत दशावतार पाहिला. मंडळींचे रंगकाम सुरू असतानाच आम्ही जाऊन बसलो. संकासुर आला, आख्यान रंगले, आणि सगळे संवाद लिहिलेल्या संहितेशिवाय चालले आहेत हे मुलांना फार उशिरा लक्षात आले. पहाटे घरी आलो. त्या रात्रीची टिपणे कोणी लिहिली नाहीत, आणि मीही विचारले नाही.

सातवा दिवस : एकादशी

तीन वाजता शाळेच्या पडवीत वाचन ठेवले होते. किती लोक येतील याची खात्री नव्हती; चाळीसेक आले.

मुलांना माहीत नव्हते, पण या वाचनाचा आग्रह मी का धरते यामागे माझी एक जुनी गोष्ट आहे. विद्यार्थिदशेत रायगडच्या किनाऱ्यावर एका म्हाताऱ्या कोळ्याचे जाळे विणताना मी पुष्कळ फोटो घेतले होते आणि एक प्रत पाठवीन असे सांगितले होते. माझ्या प्रबंधात ते फोटो छापले गेले. त्याला प्रत गेली नाही. सात वर्षांनी मी त्या गावी गेले तेव्हा तो वारला होता, आणि त्याच्या मुलाने मला ओळखून पहिला प्रश्न विचारला तो त्या फोटोचा. घरात बापाचा एकही फोटो नव्हता. मी ती प्रत त्याला नंतर नेऊन दिली. पण ज्याला द्यायची होती तो ती पाहायला उरला नव्हता.

मुलांनी रापणीवरचे टिपण वाचले. वाट्यांचा हिशेब एका ठिकाणी चुकला होता. तो तिथल्या तिथे तिघांनी मिळून दुरुस्त केला. जाळ्याच्या मधे उभा राहून खुणा करणारा माणूस आधीच्या खुणा करणाऱ्याचा भाचा होता, आणि लहानपणापासून त्याच्या शेजारी उभा राहत आला म्हणून त्याला ते काम मिळाले, हे आमच्या विद्यार्थ्याचे अनुमान लोकांनी मान्य केले, फक्त एका बाईने सांगितले की त्याला माशांचा काळसर पट्टा पाण्यावर सगळ्यांच्या आधी दिसतो हे लिहायचे राहिले. ते लिहिले. तांडेल आला होता. तो मागे भिंतीला टेकून उभा राहिला आणि शेवटपर्यंत थांबला.

मग वंशावळीचा तक्ता भिंतीवर लावला. नियमाप्रमाणे सगळ्या नावांच्या जागी खुणा आणि आकडे होते. माणसांची ओळख उघड होऊ नये म्हणून आम्ही तसे करतो, आणि ते योग्यच आहे. आजी नातीच्या आधाराने पुढे आली. तिला वाचता येत नव्हते. तिने विचारले, "माझा नाव खय आसा ह्याच्यात?" विद्यार्थिनीने एका वर्तुळावर बोट ठेवले आणि समजावले की इथे तुमच्याऐवजी आकडा आहे. आजीला ते पटले नाही. बाकीच्यांचे काय करायचे ते करा, पण माझे नाव असू दे, असे ती म्हणाली. आणि नाव म्हणजे या घरात ठेवलेले नव्हे, वडिलांनी ठेवलेले.

विद्यार्थिनी आणि मी जरा बाजूला गेलो. प्रबंधात आकडाच राहील आणि गावात ठेवायच्या प्रतीत आजीच्या इच्छेप्रमाणे नाव येईल, असे ठरवले. तिच्या मुलालाही विचारले, त्याने मान हलवली. विद्यार्थिनीने काळ्या शाईने वर्तुळाखाली आजीचे माहेरचे नाव सावकाश लिहिले.

"वाच बगया," आजी म्हणाली.

तिने वाचले. पडवीतले काही लोक ते नाव पहिल्यांदाच ऐकत होते. आजीच्या मुलाने वर पाहिले.

"परत वाच गो."